जुन्या कागदाला हात लावण्याआधी

तहसील कचेरीजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ थांबलं तर हे हमखास बघायला मिळतं. कोणीतरी आजोबांच्या नावाचं खरेदीखत, नाहीतर पणजोबांचा शाळेचा दाखला पिशवीतून काढतो, घड्यांवर उकललेला तो कागद दुकानदाराच्या हाती देतो आणि म्हणतो, "पक्कं लॅमिनेशन करून द्या भाऊ, आता हा फाटायला नको." दोन मिनिटांत कागद चकचकीत होऊन बाहेर येतो. आणणारा समाधानानं घरी जातो, पण त्या कागदाचं कायमचं नुकसान झालेलं असतं. लॅमिनेशनच्या यंत्रात प्लास्टिकच्या आतल्या बाजूचा गोंद उष्णतेनं वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरून बसतो. पुढे ते प्लास्टिक सोडवायला गेलं तर कागदाचा वरचा थर अक्षरांसकट त्याच्याबरोबर येतो. कागदातलं आम्ल आत कोंडलं जातं, कागद आतल्या आत पिवळा होत राहतो, आणि मग जाणकारालाही त्याच्यासाठी काही करता येत नाही.

मंगरूळपीर तालुक्यातल्या घरांना हे आज निकडीनं सांगायला हवं, कारण संदुकीच्या तळाशी पडून राहिलेले कागद आता बाहेर निघताहेत. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचे पुरावे शोधावे लागतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि मोडीतले कागदही गावोगाव पुन्हा उघडले गेले. पन्नास-साठ वर्षं जे कागद कोणी हलवले नव्हते, ते एकदम दहा हातांतून, पाच झेरॉक्स यंत्रांतून आणि तीन वकिलांच्या फायलींतून फिरू लागले. जुना कागद पडून राहिल्यानं जितका खराब होतो, त्याहून जास्त तो घाईनं हाताळल्यानं होतो.

म्हणून या सगळ्या लेखाचा एकच नियम सांगतो आणि पुढचं सगळं त्याच्याच आधारानं सांगतो. कागदावर जे कराल ते उद्या कोणालाही, कागदाला इजा न होता, काढून घेता आलं पाहिजे. जे काढता येणार नाही, ते करायचं नाही.

आधी कागद ओळखा

आपल्या भागातला कागद हातात आला की मथळ्यावरचा जिल्हा वाचा. 'जिल्हा बाशीम' असं असेल तर कागद बहुधा १९०५ च्या आधीचा. त्या वर्षी बाशीम जिल्हा मोडला, बाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले आणि पुसद यवतमाळकडे गेला. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षं 'जिल्हा अकोला', आणि १ जुलै १९९८ पासून 'जिल्हा वाशिम'. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्याआधीच्या निजामाच्या अमलातल्या सनदा, इनामपत्रं, देवस्थानांचे आणि दर्ग्यांचे कागद फारसीत नाहीतर मोडीत असतात. ही माहिती नक्कल कुठे मागायची यासाठी लागतेच. १९९८ च्या आधीची जिल्ह्याच्या पातळीवरची नोंद वाशिमला मिळाली नाही तर अकोल्याला विचारायलाच हवं. कागद कशाचा आहे याचा अंदाजही मथळ्यावरच्या या माहितीवरून येतो.

जुन्या सनदेचा कागद हाती बनवलेला असतो. चिंध्या आणि ताग कुटून, लगद्याचा ताव उचलून, खळ लावून, घोटून केलेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद शतकानुशतकं होत आला आहे. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून अडीचशे वर्षांची सनद अजूनही मऊ राहून घडी सोसते. याउलट १९४० नंतरच्या वहीचा कागद बोटात धरला की कोपरा तुटून हातात येतो. तो लाकडाच्या लगद्याचा असतो, आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घातलेली असते. तुरटीनं आम्ल तयार होतं, आम्ल तंतू तोडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्या वर्षांतल्या शाळांच्या रजिस्टरांचे आणि पावतीपुस्तकांचे कागद तर फारच हलके निघतात. मुद्रांकाचा कागद त्या मानानं बरा. तेव्हा जितका जुना तितका नाजूक, असं सरसकट समजू नका.

शाईकडे त्याहून बारकाईनं बघा. बोरूनं काजळाच्या शाईत लिहिलेली मोडी उडत नाही, पण ती नुसत्या डिंकानं कागदावर धरलेली असते. ओल लागली आणि घासलं की उचलून येते. हिराकस आणि हिरडा किंवा माजूफळ यांची शाई काळपट-तपकिरी दिसते. ती तीव्र असेल तर अक्षराभोवती तपकिरी कडा येते आणि कधी अक्षराच्या जागी कागदाला आरपार भोक पडतं. अशा कागदाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, ओलीनं ते जळणं वाढतं. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेल्या नोंदी कोरड्या असताना करड्या दिसतात आणि ओल लागताच गडद जांभळ्या होऊन पसरतात. रबरी शिक्क्यांच्या जांभळ्या शाईचंही तसंच.

पारख सोपी आहे. काडीच्या टोकाला कापसाचा बारीक धागा गुंडाळा, पाण्यात बुडवून झटका, आणि मजकुराच्या कोपऱ्यातल्या एखाद्या टिंबाला नुसता टेकवा. लगेच त्यावर टीपकागद दाबा. टीपकागदावर रंग उमटला तर त्या कागदाला घरी पाणी किंवा खळ लावायची नाही. शाई, शिक्का, तिकिटावरची सही, प्रत्येक रंगाची अशी वेगळी पारख करा.

फोटो, मगच झाडू

दुरुस्तीला हात घालण्याआधी कागद जसा आहे तसा फोटोत घ्या. सकाळी खिडकीजवळ, उन्हाची तिरीप येत नसेल अशा ठिकाणी, पांढऱ्या चादरीवर कागद ठेवा. फ्लॅश बंद ठेवा, मोबाईल कागदाला समांतर धरा, शेजारी पट्टी ठेवा. दोन्ही बाजू घ्या, कोरी वाटणारी पाठही. पाठीवर नोंदणीचा शिक्का, मुद्रांक विकणाऱ्याचं नाव, कधी नुसता पेन्सिलीचा आकडा असतो आणि पुढे तोच कामी येतो. स्कॅन करायचं असेल तर काचेचाच स्कॅनर वापरा, कागद आत ओढून घेणारं यंत्र नको. ३०० डीपीआय पुरतं, बारीक मोडी असेल तर ६००. फाइलला 'आजोबांचे कागद १' असलं नाव न देता गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि साल घाला. एक प्रत घरात, दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. हे काम एका दुपारचं आहे, आणि पुढे मूळ कागदाला वारंवार हात लावायची वेळच येत नाही.

थर्मल कागदाचं मात्र आजच करा. एटीएमच्या पावत्या, एसटीच्या यंत्राची तिकिटं, काही दुकानांची बिलं उष्णतेनं काळी होणाऱ्या कागदावर छापतात. आपल्याकडचा उन्हाळा बघता ती दोन-चार वर्षांत कोरी होतात, आणि त्यांच्यावर कुठलीच दुरुस्ती चालत नाही.

आता झाडणं. चित्रकलेचा मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या आणि मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं फिरवा. कडेकडून आत गेलात तर फाटलेला कोपरा दुमडून तुटतो. मळ जास्त असेल तर पांढरा विनाइल खोडरबर किसणीवर किसा, तो भुगा कोऱ्या समासावर पसरून बोटाच्या पेरानं गोल फिरवा आणि ब्रशनं काढून टाका. पेन्सिलीच्या नोंदीजवळ हे करायचं नाही. पांढरट किंवा हिरवट बुरशी दिसली तर नाकाला एन-९५ मास्क लावा आणि अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून झाडा. ओल्या बुरशीला ब्रश लावला तर ती कागदात जास्तच चोळली जाते. आधी सावलीत कोरडी होऊ द्या.

टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजलेल्या असतात. ओढू नका. पिनेच्या पायांखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, पाय सरळ करा, मग पुढच्या बाजूनं पिन वर उचला. गंजाचा डाग राहू द्या. डाग काढायच्या द्रावणांनी कागद जळतो.

घडी कधी उघडावी

मे महिन्यात दुपारी जुनी घडी उघडू नका. आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो, हवेत ओल जवळपास नसते, आणि कागद पापडासारखा कडक होतो. घडीवर तो तुटणारच. पावसाळा सरताना सकाळी तोच कागद निमूट उघडतो. उन्हाळ्यातच उघडणं भाग असेल, किंवा गुंडाळी करून ठेवलेली जन्मपत्रिका असेल, तर कागदाला ओल हवेतूनच द्यायची. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी ओला करून पिळलेला टीपकागद, त्यावर उंच पायांची जाळी, जाळीवर कागद, वर झाकण. झाकणाच्या आतून सुती कापड ताणून बांधा, म्हणजे पाण्याचे थेंब कागदावर पडणार नाहीत. दर अर्ध्या तासानं बघत राहा. दोन-तीन तासांत कागद सैल होतो. मग तो दोन टीपकागदांच्या मध्ये पसरा, वर काच आणि काचेवर दोन जड पुस्तकं ठेवा, आणि पहिल्या दिवशी टीपकागद दोनदा बदला. जांभळी शाई असेल तर हा डबा वापरायचाच नाही. रात्रभरही कागद त्यात ठेवू नका, बुरशी धरते. इस्त्री तर कुठल्याच कागदावर फिरवू नका.

खळ कुरोड्यांच्या चिकाची

फाटलेलं जोडायचं सामान आपल्या घरातच आहे, आणि हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. उन्हाळ्यात आपल्याकडे कुरोड्या होतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, आणि रात्रभर ठेवल्यावर तळाशी जो पांढराशुभ्र चीक बसतो, तो म्हणजे गव्हाचा स्टार्च. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आणि अभिलेखागारांत जुना कागद जोडायला हीच खळ लागते. जपानी कारागिरांनी शतकानुशतकं तिच्यावर पडदे आणि गुंडाळ्या जोडल्या आहेत. ती पाण्यानं पुन्हा सुटते, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

मैद्याची खळ आणि ही खळ एक नाही. मैद्यात गव्हातलं चिवट प्रथिन राहतं, त्यामुळे ती वाळल्यावर कडक होते, पिवळी पडते, आणि कसर तिच्यावर तुटून पडते. फेव्हिकॉल तर वाळल्यावर प्लास्टिक होतो आणि परत सुटत नाही. आपल्या जुन्या बांधणीकारांची एक रीत होती, खळीत मोरचूद घालायची, कीड लागू नये म्हणून. ती आता सोडून द्या. मोरचूद विषारी तर आहेच, पण त्यातलं तांबं कागदही खराब करतं.

कुरोड्यांसाठी मीठ-हिंग घालण्याआधी वाटीभर चीक बाजूला काढा. तीन दिवसांच्या भिजण्यानं त्याला आंबूस वास असतो, म्हणजे त्यात आम्ल असतं. स्वच्छ पाणी घालून ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका. वास जाईपर्यंत असं तीन-चारदा करा. मग ताटात पातळ पसरून वाळवा, पूड करा, कोरड्या बरणीत भरा. वर्षभराच्या दुरुस्तीला एवढं पुरतं. लागेल तेव्हा दोन चमचे पूड दहा चमचे पाण्यात अर्धा तास भिजवा, आणि अगदी मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. आधी दुधी असलेलं मिश्रण दाट होतं आणि मग अर्धपारदर्शक दिसायला लागतं. गार करून मलमलीतून दोनदा गाळा. वापरताना थोडं पाणी घालून ब्रशवर धरेल आणि सहज पसरेल इतकी सैल करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. वास आला की टाकून द्या.

एवढी खटपट नको असेल तर मिथाइल सेल्युलोजची पूड आणा. थंड पाण्यात रात्रभर भिजवली की खळ तयार. पकड थोडी कमी, पण किडीला ती आवडत नाही.

जोडायला पातळ कागद लागतो. कोझो नावाच्या झुडपाच्या सालीपासून केलेला जपानी कागद सगळ्यात चांगला. ५ ते १२ ग्रॅम वजनाचा मागवा. पुण्या-मुंबईच्या कलासाहित्याच्या दुकानांतून टपालानं येतो. एक ताव आणला तर घरातल्या सगळ्या कागदांना पुरून उरतो.

समजा, तुमच्यासमोर १९३० च्या सुमाराचं खरेदीखत आहे. आठ घड्या, दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चांदणीसारखं भोक, आणि मधली घडी अर्ध्यापर्यंत उकललेली. काचेवर बेकिंग पेपर पसरा, केक भाजताना लावतात तो सिलिकॉनचा. त्याला खळ चिकटत नाही. त्यावर कागद पालथा ठेवा. फाटीच्या दोन्ही कडा नीट जुळवा. फाट एका रेषेत वाटली तरी कागद तिरका फाटलेला असतो, म्हणून एका कडेचे तंतू वर आणि दुसरीचे खाली बसतात. ते उलटे बसवले तर पुढच्या बाजूनं पांढरी रेघ दिसते. भिंग घ्या आणि एखादं तुटलेलं अक्षर जुळतं का ते पुढून बघत कडा बसवा.

जपानी कागदाची पट्टी कात्रीनं कापू नका. स्वच्छ पाण्यात बुडवलेल्या बारीक ब्रशनं तावावर रेघ ओढा आणि दोन्ही हातांनी अलगद बाजूला ओढा, म्हणजे कडेला मऊ तंतू सुटे राहतात. तेच तंतू जुन्या कागदात मुरतात, कडेला पायरी राहत नाही आणि पुढे तिथे नवी घडी पडत नाही. पट्टी फाटीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर रुंद, यापेक्षा जास्त नको. पट्टीला खळ लावा, मूळ कागदाला नाही. चिमट्यानं उचलून फाटीवर ठेवा, वर बेकिंग पेपरचा तुकडा ठेवून बोटानं मध्यापासून बाहेर दाबा. लांब फाट एकाच पट्टीनं जोडायला जाऊ नका, बोटभर लांबीच्या तुकड्यांनी पुढे सरका. चांदणीच्या भोकावर आधी भोकाच्या आकाराचा थोडा जाड कागद, त्यावर पातळ पट्टी. लगेच दोन्ही बाजूंना टीपकागद, काच आणि वजन. रात्रभर तसंच राहू द्या.

पाठीवर नोंदणीच्या ओळी असतात. त्या पट्टीखाली आल्या तरी ५ ग्रॅमच्या कागदातून वाचता येतात, म्हणून लिखाणावर नेहमी सगळ्यात पातळ कागद वापरा. आणि भोकात बसवलेल्या नव्या कागदावर गेलेलं अक्षर भरू नका. हे मी बजावून सांगतो. पुसट सहीवरून पेन फिरवणं, तुटलेला आकडा 'नीट' करणं, शिक्का ठळक करणं, यानं दुरुस्त कागद खोटा ठरू शकतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ प्रमाणे तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय त्यावरची सही-अक्षरं खरी असल्याचं गृहीत धरू शकतं. १८७२ च्या जुन्या कायद्यातही कलम ९० मध्ये हेच होतं. खाडाखोड दिसली की तो भरवसा जातो. म्हणूनच कागद कोणाकडे, कुठल्या पेटीत, किती वर्षं होता हेही वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, मूळ कागदावर नव्हे. न्यायालयात किंवा पडताळणी समितीपुढे कागद सध्या द्यायचा असेल तर आधी वकिलांना विचारा, तोवर दुरुस्ती थांबवा. नोंदणीकृत खताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मागता येते, आणि महसुली नोंदींच्या स्कॅन केलेल्या प्रती राज्याच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर शोधता येतात.

जुनी सेलोटेप दिसली की हात शिवशिवतात. ओढू नका. टेप सुकून प्लास्टिकची पट्टी आपोआप सुटली असेल तर उचला, मागे राहिलेला पिवळा डाग तसाच ठेवा. अजून चिकटलेली असेल तर ते काम जाणकाराचं. तिला द्रावणं लागतात आणि ती आधी शाई विरघळवतात.

पाऊस, उधई, कसर

छत गळून कागद भिजले तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. सुटे कागद टीपकागदावर किंवा न छापलेल्या कोऱ्या कागदावर पसरा. पंखा त्यांच्यावर नको, छताकडे फिरू द्या. वर्तमानपत्र खाली घालू नका, शाई उतरते. चिकटलेली पानं ओली असताना सोडवू नका. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांत शिरला आणि लाखो पुस्तकं चिखलात गेली. आज कागदजतनाचं जे शास्त्र आहे, त्यातलं बरंचसं त्या चिखलातून पुस्तकं वाचवताना घडलं. त्यानंतर रुळलेली एक गोष्ट घरातही जमते. एकाच वेळी वाळवता येणार नाही इतका गठ्ठा भिजला असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलं की बुरशी थांबते, आणि मग चार-चार पानं काढून सवडीनं वाळवता येतात.

कसरीलाही फ्रीजरच. कोरडे कागद सुती कापडात गुंडाळून, हवा काढून दोन पिशव्यांत बंद करा, उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. डांबराच्या गोळ्यांनी अंडी मरत नाहीत आणि तो वास माणसालाही वाईट. वेखंडाची पुरचुंडी किंवा सावलीत वाळवलेला कडुनिंब ठेवायला हरकत नाही, फक्त पाला कागदाला थेट लागू देऊ नका, डाग पडतो. उधईचा उपाय एकच: पेटी भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून हातभर दूर. मातीच्या भिंतीला टेकलेलं फडताळ म्हणजे तिला आयता जिना.

ठेवणं

सांभाळणं कसं असतं ते बघायला लांब जायला नको. शेजारच्या कारंज्यात जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या राहिल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्या भांडारांकडे विद्वानांचं लक्ष वेधलं, आणि पुष्पदंत कवीचं 'णायकुमारचरिउ' त्यांनी १९३३ मध्ये संपादून छापलं. त्या पोथ्या टिकल्या त्या चांगल्या कागदामुळे आणि काजळाच्या शाईमुळे, तशाच नेमामुळेही. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, शास्त्रं बाहेर काढायची, झाडायची, नवी वेष्टनं घालायची. पाऊस सुरू होण्याच्या जरा आधीचा हा दिवस आहे. कुठल्याही धर्माच्या घरानं कागद तपासायला हा मुहूर्त धरावा, आणि पावसानंतर दसऱ्याच्या साफसफाईत एकदा पुन्हा.

वेष्टनाला धुऊन खळ काढलेलं मांजरपाट घ्या. कागद शक्यतो घडी न घालता पसरून ठेवा, मध्ये कोरा हातकागद. फोटो अल्बमचे आणि फायलींचे जे प्लास्टिकचे खिसे वास मारतात ते पीव्हीसीचे; त्यांना शाई चिकटते. पारदर्शक आवरण हवंच असेल तर बिनलेपाची पॉलिएस्टर शीट आणा, ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी मिळायची तशी. दोन शीटांमध्ये कागद ठेवा, कागदापासून बोटभर अंतर सोडून कडेनं दोन बाजूंना चिकटणारी टेप लावा, आणि कोपऱ्यात हवेला फट ठेवा. लॅमिनेशनची हौस अशी भागवता येते, आणि कात्री लावली की कागद जसाच्या तसा बाहेर येतो. शकुंतला रेल्वेगाडीची जाड पुठ्ठ्याची तिकिटं, कापसाच्या काटापट्ट्या, यात्रेची हस्तपत्रकं, सिनेमाचे पास असं सगळं त्यात छान राहतं. या किरकोळ कागदांना कोणी वाली नसतो, आणि गावाचा खरा हिशोब त्यांच्यातच असतो.

पूर्ण पोथी असेल, मोठी बुरशी असेल, शाई कागद खात असेल किंवा आधीच लॅमिनेशन झालं असेल, तर घरी काही करू नका. पुण्यात १९१७ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर हस्तलिखितं सांभाळतं आहे, नागपूरला राज्य शासनाचं अभिलेखागार आहे, लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. यांच्याकडून सल्ला आणि जाणकारांची नावं विचारता येतात. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं, पण त्याच्या व्याख्येत हस्तलिखित किमान ७५ वर्षांचं लागतं आणि महसुली कागद त्यात बसत नाहीत. खरेदीखतं, वाटणीपत्रं, खासरे सांभाळायचं काम त्यामुळे घरांवरच येतं.

कागद जाणकाराकडे देताना प्रत्येकाच्या पाठीच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं लहान क्रमांक घाला आणि यादीवर सही घ्या. काय करणार, कुठली खळ, कुठला कागद, हे लिहून मागा; चांगला जाणकार ते आपणहून देतो आणि आधीचे-नंतरचे फोटोही देतो. परत घेताना सुटलेले चिटोरे, काढलेल्या पट्ट्या आणि ज्यात कागद होते ती जुनी पाकिटं मागून घ्या. पत्रावर नसलेली तारीख कधी कधी पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात मिळते.